रॉबर्ट फिट्झरॉय

फिट्झरॉय, रॉबर्ट : (५ जुलै १८०५–३० एप्रिल १८६५). ब्रिटिश नौदल अधिकारी, सागरी सर्वेक्षक, न्यूझीलंडचा दुसरा गव्हर्नर आणि हवामान अंदाजाचा प्रवर्तक.

जन्म इंग्लंडमधील सफक परगण्यात, उमराव घराण्यात. बाराव्या वर्षी तो पोर्ट्समथच्या नाविक विद्यालयात गेला. १८२८ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी ‘बीगल’ या सर्वेक्षण जहाजाच्या कप्तानाने एकटेपणाने खचून स्वतःवर गोळी झाडली आणि तेविशीत ते जहाज फिट्झरॉयच्या हाती आले. पुढच्या सफरीत (१८३१–३६) तसाच एकटेपणा वाट्याला येऊ नये म्हणून त्याने एक सुशिक्षित सोबती मागितला. तो चार्ल्स डार्विन.

डिसेंबर १८४३ मध्ये फिट्झरॉय गव्हर्नर म्हणून न्यूझीलंडमधील ऑकलंडला उतरला तेव्हा तिजोरीत खडखडाट होता आणि सैन्य नावापुरते. सहा महिन्यांपूर्वी वाइराऊ येथे जमिनीच्या वादात २२ गोरे मारले गेले होते. फिट्झरॉयने तिथल्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे माओरींचा, प्रमुख ते राउपराहा याची भेट घेतली आणि मुळात चूक गोऱ्यांचीच, असा निवाडा दिला. निवाडा रास्त होता. पण वसाहतवाल्यांनी आणि त्यांना जमिनी मिळवून देणाऱ्या न्यूझीलंड कंपनीने त्याचा कायमचा डूख धरला. पैशासाठी त्याने वरच्या आज्ञा डावलून कर्जरोखे चलन म्हणून चालवले, त्यामुळे लंडनचीही मर्जी गेली.

खरा पेच कोरोरारेका (आजचे रसेल) बंदरावरच्या टेकडीवर होता. जकातीमुळे देवमासे मारणाऱ्यांची जहाजे यायची थांबली, माओरींचा व्यापार बसला. ब्रिटिश आणि माओरी यांच्यातील वाइटांगीच्या तहावर (१८४०) सर्वांत आधी सही करणाऱ्या माओरी प्रमुख होने हेके याच्या लोकांनी जुलै १८४४ मध्ये तिथला ब्रिटिश ध्वजस्तंभ तोडला. फिट्झरॉयने जकातच रद्द केली. तरी जानेवारी १८४५ मध्ये स्तंभ आणखी दोनदा पडला. मग त्याला लोखंडी पत्रे ठोकले, पहारा बसवला. ११ मार्चला तो चौथ्यांदा पडला आणि गावही बेचिराख झाले. जहाजावर हुकूम सुटला की पाळला जातो. इथे हुकूम मोडणाऱ्याला अडवायला माणसेच नव्हती. त्याच वर्षी त्याला परत बोलावून जॉर्ज ग्रे याला नेमले.

१८५४ मध्ये फिट्झरॉय ब्रिटनच्या नव्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. १८५९ च्या वादळात ‘रॉयल चार्टर’ हे जहाज बुडून शेकडो माणसे गेली, तेव्हा त्याने बंदरांसाठी तारेने वादळाचे इशारे सुरू केले. ऑगस्ट १८६१ पासून ‘द टाइम्स’मध्ये त्याचे रोजचे अंदाज छापले जाऊ लागले. चुकलेल्या अंदाजांची टिंगल, ढासळलेली प्रकृती आणि खर्चून संपलेली मिळकत यांनी तो खचला. १८६५ मध्ये त्याने आत्महत्या केली. ब्रिटिश सागरी अंदाजातील ‘फिनिस्टेअर’ या क्षेत्राला २००२ पासून त्याचे नाव आहे.