क्लायंटशिवाय गेम चालतच नाही?

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरणारा समज असा, की ऑनलाइन गेम स्टोअरच्या क्लायंटमधून, म्हणजे संगणकावर बसवलेल्या त्याच्या अ‍ॅपमधून, उतरवलेला गेम त्या क्लायंटशिवाय कधीच चालत नाही. वस्तुतः क्लायंट हे उतरवण्याचे साधन आहे. डीआरएमचे, म्हणजे नक्कल रोखण्यासाठी गेमला घातलेले डिजिटल कुलूप ही वेगळी गोष्ट असून ते प्रत्येक गेमला असतेच असे नाही. खात्रीसाठी गेमचे फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन, क्लायंट नसलेल्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून, त्यातली गेम सुरू करणारी ईएक्सई (.exe) फाइल थेट चालवावी. गेम उघडला, तर कुलूप नाही. न उघडल्यास मात्र लगेच डीआरएमला दोष देऊ नये, कारण इन्स्टॉलर सोबत बसवतो त्या व्हिज्युअल सी प्लस प्लससारख्या लायब्ररी, म्हणजे गेमला लागणाऱ्या सहायक फाइली, तिथे नसू शकतात. म्हणूनच स्वतंत्र इन्स्टॉलर, म्हणजे क्लायंटशिवाय गेम बसवणाऱ्या फाइली, नाहीसे होण्याची काळजी मला अगदी रास्त वाटते. असा इन्स्टॉलर मिळत असेल, तर त्याच्यासोबतच्या .bin फाइलींसह एकाच फोल्डरात जपावा. फॅट३२ (FAT32) या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, तेव्हा आधी तो एक्सफॅट (exFAT) पद्धतीत फॉरमॅट करावा.