झिरझिरीत कापड की झिरझिरीतपणाचा भास?

छोट्या आर्ट क्विल्टमध्ये, म्हणजे चित्रासारख्या रचलेल्या कापडी गोधडीत, एक रंग दुसऱ्यावर अलगद पसरलाय आणि खालचा रंग त्यातून डोकावतोय, हा परिणाम दोन वेगवेगळ्या वाटांनी साधतात. एका वाटेत खरंच आरपार दिसणारं कापड असतं : ऑर्गन्झा, शिफॉन, नेट. दुसरीत तसं काहीच नसतं. साधे सुती तुकडे एकमेकांना लागून बसवलेले असतात, फक्त रंग असे निवडलेले की डोळा फसावा. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून लोक एकीचे नियम दुसरीला लावतात आणि निळ्यावर पिवळा ऑर्गन्झा टाकून हिरवा का येत नाही म्हणून हिरमुसतात.

तो येत नाही, कारण ऑर्गन्झा म्हणजे रंगीत काच नव्हे. त्याचे धागे स्वतःचा पिवळा दाखवतात आणि मधल्या फटींतून निळा दिसतो. डोळा दोन्हींची सरासरी काढतो आणि हाती मळकट, करडा-हिरवट रंग येतो. नेटचंही तसंच. पांढरं नेट गडद कापडावर धुक्यासारखं दिसतं, काळं नेट मात्र जवळजवळ गायब होऊन खालचा रंग फक्त दबका करतं. पाणी, धूर, सावली यांसाठी हे फार छान. पण खालचं काहीच लपत नाही हेही लक्षात ठेवा : शिवणीची आत दुमडलेली कड, सुटे धागे, तुकडे इस्त्रीने चिकटवायच्या जाळीचे ठिपके, सगळं वर दिसतं. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं कापड गरम इस्त्रीखाली आक्रसतं, वितळतंही. रेशमी ऑर्गन्झा उष्णता सोसतो, पण त्याच्या कडेचे धागे सुटत राहतात.

भासाच्या वाटेला कापडाचं गणित सोपं आणि रंगाचं अवघड. चित्रकार आणि कलाशिक्षक जोसेफ आल्बर्स विद्यार्थ्यांना रंग कालवायला न देता रंगीत कागद कापूनच हा सराव करायला लावत. क्विल्ट करणाऱ्याची अवस्था नेमकी तीच असते : हवा तो रंग बनवता येत नाही, ढिगाऱ्यातून शोधावा लागतो.

शोधायचा तो तिसरा तुकडा, म्हणजे दोन आकार एकमेकांवर येतात तिथला. इथे आधी ठरवायचं, वरचा आकार पडद्यासारखा हवा की काचेसारखा. पडदा हवा असेल तर तिसरा रंग दोन्हींच्या मधला घ्या. गडद जांभळ्यावर फिकट गुलाबी पट्टी असेल, तर मधला तुकडा गुलाबीपेक्षा गडद आणि जांभळ्यापेक्षा फिकट. तो गुलाबीकडे झुकला तर गुलाबी पट्टी वर आल्यासारखी वाटते, जांभळ्याकडे झुकला तर खाली गेल्यासारखी. काच हवी असेल तर तिसरा रंग दोन्हींपेक्षा गडद लागतो, कारण एकावर एक ठेवलेल्या दोन काचा एकीपेक्षा जास्त प्रकाश अडवतात. पिवळ्या आणि निळ्याच्या मधे हिरवा शोभतो तो इथेच, आणि तोही गडद.

फसगत बहुतेक वेळा रंगाच्या नावात होत नाही, गडद-फिकटपणात होते. इटालियन मानसशास्त्रज्ञ फाबिओ मेतेल्ली यांनी १९७४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये या भासाच्या अटी मांडल्या. त्यातल्या दोन क्विल्टसाठी पुरेशा आहेत : पडद्याबाहेर जी बाजू फिकट, तीच पडद्याआडही फिकट राहिली पाहिजे, आणि पडद्याआडचा गडद-फिकट फरक बाहेरच्यापेक्षा कमी असला पाहिजे. कापड भिंतीवर टाचा, मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा, लगेच कळतं.

आणखी एक गोष्ट म्हणजे कडा. दोन आकारांच्या कडा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे चार तुकडे भेटतात. तिथे रेषा सरळ पुढे गेली पाहिजे. एक-दोन मिलिमीटर सरकली तरी भास मोडतो, आणि छोट्या क्विल्टमध्ये ते दुरूनही दिसतं. म्हणून पाव इंचाची शिवण घालून जोडण्यापेक्षा तुकडे अचूक कापून इस्त्रीने चिकटवणं मला सोपं वाटतं. मोठी छपाई टाळा : फूल एका तुकड्यात संपलं की तो तुकडा वेगळा आहे हे उघड होतं. एकरंगी किंवा हाताने रंगवलेलं कापड बरं. वरची क्विल्टिंगची रेघ, म्हणजे थर एकत्र धरणाऱ्या टाक्यांची रेघ, मात्र तिन्ही तुकड्यांवरून न थांबता जाऊ द्या, दोरा न बदलता.

माझा कल छोट्या कामात भासाकडेच असतो. झिरझिरीत कापड मी खालची भरतकामाची रेघ मऊ करायची असेल तेव्हाच काढते, किंवा चाचणीसाठी. चाचणी अशी : हाताशी असलेल्या ऑर्गन्झाची चिंधी खालच्या कापडावर धरायची, जो रंग दिसेल त्याच्या जवळचा सुती तुकडा ढिगातून काढायचा आणि चिंधी बाजूला ठेवायची. ही युक्ती पडद्यासाठीच चालते. काचेसाठी रंगीत जिलेटिन कागद धरून पाहा.