व्होल्ट, अँपिअर आणि वॅट : एका भागाकाराची पार्श्वभूमी

230 व्होल्टच्या पुरवठ्यावर तारेचा 60 वॅटचा बल्ब सुमारे 0.26 अँपिअर प्रवाह घेतो. त्यावरून, म्हणजे व्होल्टला अँपिअरने भागून, त्याचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) सुमारे 880 ओहम निघतो. हाच बल्ब होल्डरमधून काढून गार झाल्यावर मल्टिमीटरला लावला, तर मीटर जेमतेम 65-70 ओहम दाखवतो. शिकाऊ वायरमन हे प्रथम पाहतो तेव्हा मीटरच्या सेलवर संशय घेतो. वास्तविक दोन्ही आकडे बरोबर आहेत. घोटाळा आहे तो ‘रोध’ या शब्दात, आणि तो जवळजवळ दोनशे वर्षे जुना आहे.

1825 ते 1827 या काळात जर्मनीतील गेऑर्ग ओहम या शाळामास्तराने तांब्याच्या वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन प्रयोग केले. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब (व्होल्टेज) स्थिर राहत नसे. म्हणून त्याने तांबे आणि बिस्मथ यांचा सांधा वापरला, ज्याचे एक टोक उकळत्या पाण्याच्या तापमानाला आणि दुसरे बर्फात ठेवले की दाब ढळत नाही. ही युक्ती मला सूत्राइतकीच मोलाची वाटते, कारण स्थिर दाबावाचून पुढची कोणतीही नोंद विश्वासार्ह ठरली नसती. त्याला आढळले ते असे की, तापमान व तारेची भौतिक स्थिती तीच राहिली तर दाब आणि प्रवाह यांचे गुणोत्तर बदलत नाही.

ओहमचा नियम आहे तो इतकाच, आणि त्याचा सगळा जीव ‘बदलत नाही’ या दोन शब्दांत आहे. दाबाला प्रवाहाने भागणे ही केवळ रोधाची व्याख्या आहे. हा भागाकार बल्बसाठी, मोटारीसाठी, डायोडसाठी, कशासाठीही करता येतो आणि त्याचे काही ना काही उत्तर येतेच. ते उत्तर दाब बदलल्यावरही तेच राहील की नाही, हे मात्र वस्तूवर अवलंबून असते. वर्गात आणि गाईडमध्ये सूत्रालाच नियम म्हणण्याची सवय कधीतरी रुजली, अटीचे वाक्य पाठांतरापुरते उरले, आणि मराठीत ‘रोध’ हा एकच शब्द तारेच्या गुणधर्मालाही आणि त्या क्षणीच्या गुणोत्तरालाही लागू झाला. परिणामी विद्यार्थी बल्बचा रोध 880 ओहम ‘असतो’ असे लिहितो, जणू तो काचेवर छापलेला आहे. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि तिचा रोध गार स्थितीच्या बारा-तेरा पट होतो. म्हणून 880 हा आकडा फक्त पेटलेल्या बल्बचा आहे. तारेचे बल्ब बहुधा बटण दाबतानाच का जातात, याचेही कारण येथेच सापडते : त्या क्षणी तार गार असते आणि प्रवाह कित्येक पटींनी जास्त जातो.

शक्तीचे, म्हणजे वॅटचे, सूत्र (दाब गुणिले प्रवाह) दुसऱ्या वाटेने आले. प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते, हे 1841 मध्ये प्रसिद्ध झाले. व्होल्ट, ओहम व अँपिअर या एककांना 1881 च्या पॅरिस परिषदेने मान्यता दिली. वॅट 1882 मध्ये सुचवला गेला आणि 1889 मध्ये स्वीकारला गेला.

कोकणात हा हिशेब घरोघरी पोहोचायला बराच काळ जावा लागला. रायगडातील भिऱ्याच्या वीजगृहातून 1927 पासून वीज निघू लागली ती थेट मुंबईकडे गेली, आणि 1962 मध्ये रत्नागिरीतील पोफळीचे वीजगृह सुरू झाले तेव्हाही आजूबाजूच्या अनेक वाड्या कंदिलावरच होत्या. त्यानंतर खांब आले खरे, पण कोकणातली घरे डोंगरउतारावर विखुरलेली असल्याने डीपीपासून (गावाच्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटच्या घरापर्यंतची लाईन लांबत गेली. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांनुसार कमी दाबाच्या पुरवठ्यात जाहीर दाबापेक्षा 6 टक्क्यांहून अधिक फरक चालत नसे, म्हणजे 230 चे 216 च्या खाली जाता कामा नये. जाण्यायेण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध 2 ओहम आणि संध्याकाळचा प्रवाह 25 अँपिअर धरला, तर 50 व्होल्ट वाटेतच जिरतात, शेवटच्या घरी 180 उरतात आणि साडेबाराशे वॅट नुसत्या तारा तापवण्यात जातात. अशा घरात हजार वॅटचा पाणी तापवायचा रॉड, ज्याचा रोध तापल्यावरही 53 ओहमच्या आसपासच राहतो, सुमारे 610 वॅटच देतो. बल्बला मात्र हे गणित लागू पडत नाही. रोध स्थिर मानला तर 60 वॅटचा बल्ब 37 वॅट घेईल असे उत्तर येते, पण तार कमी तापल्याने रोधही घटतो आणि बल्ब 40 च्या आसपास वॅट घेतो. प्रकाश मात्र निम्म्याहून कमी पडतो.

खाऱ्या हवेचा प्रश्न याहून चिवट आहे. समुद्राकाठच्या गावात ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार पिळून जोडलेला सांधा काही पावसाळ्यांतच पांढरट भुकटी धरतो. त्या सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून 10 अँपिअर गेले, तर व्होल्टमीटरवर 5 व्होल्टचीच घट दिसते आणि कोणी फारसे लक्ष देत नाही. पण तेथे, बोटभर जागेत, 50 वॅट उष्णता सतत निर्माण होत असते. सांधा तापतो, गंज वाढतो, रोध आणखी चढतो. लाईनमनला रात्री खांबावर दिसणारी ठिणगी बऱ्याचदा अशाच सांध्याची असते. म्हणून किनाऱ्यालगत सांध्यावर दोन धातूंना जोडणारा योग्य कनेक्टर वापरावा, तारा नुसत्या पिळून भागवू नये.

अलीकडच्या काळात एलईडीने घराघरातील हिशेब पुन्हा बदलला आहे. 9 वॅटच्या दिव्याला 230 ने भागले की 39 मिलिअँपिअर येतात, प्रत्यक्षात मात्र तो त्याहून जास्त प्रवाह घेतो, कारण दाब आणि प्रवाह यांच्या लाटा जुळत नाहीत आणि गुणाकारात पॉवर फॅक्टर (ही जुळणी किती आहे ते सांगणारा, एकपर्यंतचा आकडा) धरावा लागतो. तो 0.9 असेल तर 43 मिलिअँपिअर, स्वस्त दिव्यात 0.5 असेल तर 78. शिवाय आतले सर्किट दाब घसरल्यावर बहुधा जास्त प्रवाह ओढून वॅट कायम राखते, त्यामुळे 180 व्होल्टवरही असा दिवा मंदावत नाही. त्याचा ‘रोध’ काढायला घेतला तर दाबागणिक वेगळे उत्तर येते.