चौथ्या तासाला मटण चिवट का लागतं?

स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं. तो नव्याने वापरणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. मटण 'लो' बटणावर लावलं, चार तासांनी झाकण काढून तुकडा चाखला, तर तो रबरासारखा. मग निदान ठरलेलं: मटण जून होतं, नाही तर जास्त शिजून कडक झालं. कुकर बंद होतो, चिवट मटण तसंच ताटात येतं आणि दोष यंत्राच्या माथी बसतो.

प्रत्यक्षात ते मटण अर्धंच शिजलेलं असतं. आणखी तीन तास त्याला हात लावला नसता तर तोच तुकडा काट्याने सहज सुटला असता. मंद आचेवर मांस दर तासाला थोडं थोडं मऊ होत जातं, असं आपण गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. ते आधी कडक होतं आणि मग मऊ होतं, कारण त्यात दोन वेगळ्या स्वभावांची प्रथिनं असतात. एक तापमान बघतं, दुसरं घड्याळ.

तापमान बघणारी प्रथिनं स्नायूंच्या तंतूंत असतात. त्यांतलं मायोसिन ५० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागतं, ॲक्टिन ६५ अंशांच्या पुढे. अंड्याचा पांढरा बलक जसा तव्यावर पडताच घट्ट होतो आणि पुन्हा कधी पातळ होत नाही, तसंच हे आहे. काम मिनिटांत होतं आणि कायमचं होतं. कच्च्या, बिनचरबीच्या मांसात सुमारे ७५ टक्के पाणी असतं. तंतू गोठून आक्रसले की ते पाणी बाहेर पिळलं जातं. १ किलो मांसातून शिजताना ३०० मिलिलिटर किंवा त्याहूनही जास्त रस सुटतो तो असा. या तंतूंपुरतं बोलायचं तर स्लो कुकर त्यांचं काहीच भलं करत नाही.

आता घड्याळवालं प्रथिन, कोलॅजेन. स्नायूंचे तंतू जुड्यांमध्ये बांधलेले असतात आणि प्रत्येक जुडीभोवती पांढरट पातळ पडदा असतो. तो पडदा आणि स्नायू हाडाला जिथे चिकटतो ते कंडरे, दोन्ही मुख्यतः कोलॅजेनचे. त्याचा रेणू म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ. प्रत्येक साखळीत सुमारे एक हजार अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे मूळ घटक, असतात. ती स्वतःभोवती डावीकडे वळलेली असते आणि अशा तिन्ही मिळून एकमेकींभोवती उजवीकडे वळतात. उलटसुलट पिळामुळे सुती दोर ताण घेऊनही उसवत नाही, त्यातलाच हा प्रकार. ही तिपेडी रचना १९५४ साली मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हेच अमिनो आम्ल का लागतं, याचं उत्तरही त्या रचनेतच आहे. पिळाच्या मधोमध जागा इतकी अरुंद असते की सगळ्यांत लहान अमिनो आम्लच तिथे मावतं. बाकीच्या जागांवर प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांचं प्रमाण मोठं असतं आणि ती दोघं पिळाला ताठपणा देतात. हायड्रॉक्सिप्रोलिन जितकं जास्त, तितकी पीळ उसवायला उष्णता जास्त. थंड पाण्यातल्या माशांत ते कमी असतं, म्हणून त्यांचं कोलॅजेन फार कमी तापमानाला ढिलं पडतं आणि मासा काही मिनिटांत शिजतो. सहा तासांच्या भांड्यात माशाचं काम नाही.

जमिनीवरच्या प्राण्यांचं कोलॅजेन साधारण ६० ते ६५ अंशांना पीळ सोडतं. पण पीळ सुटला म्हणजे ते विरघळलं असं नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे. पीळ सुटताच ताठ रेणू गोळा होऊन आखडतो. मोकळा कंडरा गरम पाण्यात टाकला तर तो आपल्या लांबीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शापर्यंत आकसतो. मांसात हा आखडणारा पडदा प्रत्येक जुडीला आवळतो आणि ओल्या कपड्यासारखी पिळून काढतो. तंतू आधीच गोठलेले, वरून ही आवळ. चौथ्या तासाला दाताखाली येतो तो हाच टप्पा.

पीळ सुटूनही साखळ्या मोकळ्या होत नाहीत, कारण त्या एकमेकींना आडव्या रासायनिक बंधांनी टाचलेल्या असतात. प्राण्याचं वय वाढतं तसं कोलॅजेन फारसं वाढत नाही, हे टाके मात्र पक्के आणि उष्णतेला दाद न देणारे होत जातात. 'जून' मटण म्हणतात ते हेच. टाके आणि साखळ्या पाण्याच्या साहाय्याने एकेक करून तुटाव्या लागतात आणि त्या क्रियेचा वेग तापमानावर विलक्षण अवलंबून असतो. ६० अंशांवर तिला एक-दोन दिवस लागतात, ९० अंशांच्या वर काही तास. तुटलेल्या साखळ्या रसात उतरतात आणि आपण त्यांना जिलेटिन म्हणतो. सुतारकामातला सरस म्हणजे हेच जिलेटिन. कोलॅजेन हे नावही सरसासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे.

जिलेटिन सुटलं की दोन गोष्टी होतात. जुड्यांना बांधणारा पडदा नाहीसा होतो, म्हणून काटा खुपसून पिळला की मांस रेषारेषांनी सुटतं. आणि जिलेटिन पाणी धरून ठेवतं, तंतूंवर त्याचा लेप बसतो. खाताना जाणवणारा रसाळपणा या लेपाचा असतो. तंतूंतलं मूळ पाणी तर केव्हाच निघून गेलेलं असतं.

जाता जाता एक सांगायला हवं. हाडांचा रस प्यायला की त्यातलं कोलॅजेन थेट गुडघ्यात किंवा चेहऱ्यावर जाऊन बसतं, असा प्रचार जोरात चालतो. पोटात गेल्यावर त्याचे अमिनो आम्लांत आणि लहान तुकड्यांत विघटन होतं आणि त्यांचं काय करायचं ते शरीर ठरवतं. रस चवीसाठी प्यावा, औषध म्हणून महागड्या बाटल्या घेऊ नयेत. 'मंद शिजवल्याने सगळी जीवनसत्त्वं टिकतात' हेही खरं नाही. थायमिन (ब१ जीवनसत्त्व) दीर्घ उष्णतेने घटतं आणि पाण्यात विरघळणारी बाकीची रसात उतरतात. रस टाकून दिला की तीही गेली.

कोलॅजेनच्या या स्वभावावरून मांसाचा कोणता भाग घ्यायचा ते ठरतं. जे स्नायू दिवसभर राबतात त्यांत कोलॅजेन जास्त: नळीचा भाग, खांदा, मान, छाती. पाठीचा कोवळा भाग आणि कोंबडीची छाती यांत ते इतकं कमी असतं की विरघळायला काही नसतंच. त्यांना सहा तास ठेवलं तर रसात बुडालेलं असूनही मांस कोरडं आणि भुसभुशीत लागतं. द्रवात बुडालेलं मांस कोरडं पडत नाही, हा समज सोडून द्यावा. बाहेर पाणी कितीही असलं तरी आक्रसलेला तंतू ते परत आत घेत नाही. कोंबडीची छाती लावायचीच असेल तर आत ७४ अंश होताच काढावी. तंगड्या चार-पाच तास खुशाल राहू द्याव्यात.

यंत्राचा हिशोबही एकदा मांडून पाहू. कुकरची तापणारी तार भांड्याच्या बाजूंना गुंडाळलेली असते, आत जाड चिनीमातीचं भांडं आणि वर काचेचं झाकण. समजा 'लो'वर ती १०० वॅट देते. १ किलो मांस आणि अर्धा किलो भाज्या-पाणी १० अंशांवरून ९५ वर न्यायला सुमारे ४६० किलोज्यूल लागतात, अडीच किलोचं भांडं तापायला आणखी १६० च्या आसपास. एकूण ६२० किलोज्यूल, म्हणजे १०० वॅटला पावणेदोन तास, तेही उष्णता जराही वाया गेली नाही तर. प्रत्यक्षात कुकर जसजसा तापतो तसतशी बाहेर जाणारी उष्णता वाढते, म्हणून तीन-चार तास जातात. चौथा तास नेमका कुठे पडतो ते आता लक्षात येईल. मांस आत्ता कुठे ९० अंशांच्या जवळ आलेलं असतं. कोलॅजेनचं खरं काम सुरू व्हायच्या वेळेला आपण चाखायला जातो.

'लो' आणि 'हाय' म्हणजे दोन वेगळी तापमानं असंही अनेकांना वाटतं. बहुतेक कुकरांत दोन्ही बटणं शेवटी उकळबिंदूच्या थोडंसं खालीच नेऊन ठेवतात. मुख्य फरक तिथे पोहोचायला लागणाऱ्या वेळेचा. आपला कुकर नीट चालतो का हे तपासणं सोपं आहे. भांडं अर्ध्याहून जरा जास्त पाण्याने भरून झाकण लावून 'लो'वर ८ तास ठेवावं आणि झाकण काढताक्षणी तापमान मोजावं. ८५ ते ९३ अंश आले तर ठीक. त्याहून बरंच कमी असेल तर तो कुकर मांसासाठी वापरू नये. खूप जास्त असेल तर पाककृतीतली वेळ कमी धरावी.

झाकणाबद्दलचा नियम याच हिशोबातून येतो. शेवटच्या टप्प्यात त्या १०० वॅटपैकी जवळपास सगळे बाहेर जाणारी उष्णता भरून काढण्यात खर्च होत असतात, शिल्लक फार थोडी. झाकण उघडून दोन मिनिटं ढवळलं, २० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं, तर ४५ किलोज्यूल गेले. ते थोड्याशा शिलकीतून भरून यायला १५ ते २० मिनिटं सहज लागतात. तीनदा डोकावलं की जेवण तासभर पुढे गेलं.

आता कृती. खांद्याचे १ किलो तुकडे, ४ ते ५ सेंटिमीटरचे. याहून लहान केले तर शेवटी चुरा होतो. आदल्या रात्री १२ ग्रॅम मीठ चोळून फ्रिजमध्ये ठेवावेत. मीठ मायोसिनचा काही भाग विरघळवतं, त्यामुळे तंतू पाणी जरा जास्त धरून ठेवतात. सकाळी तुकडे कापडाने कोरडे करून जाड बुडाच्या कढईत थोडे थोडे परतावेत, एकेक बाजू ३-४ मिनिटं. गर्दी केली की सुटलेलं पाणी तळाशी साचतं, तापमान १०० अंशांवर अडतं आणि मांस परतलं न जाता उकडतं.

परतल्याने 'रस आत कोंडला जातो' असं अजून सांगितलं जातं. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनज्ञाच्या १८४७ च्या लिखाणातून ही कल्पना रूढ झाली आणि ती चुकीची आहे. कढईतला चर्र आवाज हा रस बाहेर येऊन वाफ होण्याचाच असतो. परतायचं ते चवीसाठी. अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली माइयार अभिक्रिया १४० अंशांच्या पुढे जोमाने होते आणि कुकर तर शंभरीही गाठत नाही. तपकिरी रंग आणि खमंगपणा तिथेच, आधीच मिळवून घ्यायला हवा. कांदाही वेगळा परतावा. कच्चा टाकलेला कांदा सहा तासांनीही उग्र, उकडलेलाच लागतो. शेवटी कढईत १५० मिलिलिटर पाणी घालून तळाला चिकटलेलं सगळं खरवडावं आणि कुकरमध्ये ओतावं. पाणी इतकंच पुरे. मांसाचा रस सुटणार आहे आणि वाफ झाकणाला लागून परत खाली येणार आहे. गॅसवरच्या पाककृतीतलं पाणी जसंच्या तसं घातलं तर हाती पाणचट सूप येतं.

बटाटे आणि गाजरं तळाला, कडेला लावावीत, मांस त्यावर. हे उलटं वाटतं, पण भाजीच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं पेक्टिन ८५ अंशांखाली नीट सुटत नाही आणि तारेजवळची जागा सगळ्यांत गरम असते. टोमॅटो किंवा व्हिनेगर आधी घातलं तर आम्लामुळे भाज्या कडकच राहतात, ते शेवटच्या दोन तासांत घालावं. दही, साय शेवटच्या २० मिनिटांत, नाही तर फाटतं. भांडं अर्धं ते पाऊण भरलेलं असावं. पहिला एक तास 'हाय', नंतर ६ ते ७ तास 'लो', जून मटण असेल तर ९. काट्याने पिळून पाहावं. अडलं तर अर्धा तास आणखी. याउलट १२ तास ठेवलं तर कोलॅजेन संपतं, नुसते तंतू उरतात आणि सुताच्या लडीसारखे तोंडात फिरत राहतात. त्यावर उपाय नाही. रस पातळ वाटला तर मांस बाजूला काढून तो कढईत उघडा आटवावा.

फ्रीझरमधलं बर्फासारखं गोठलेलं मांस मात्र कधीही थेट टाकू नये. १ किलोतला नुसता बर्फ वितळायला २५० किलोज्यूल लागतात, म्हणजे १०० वॅटची किमान ४० मिनिटं. ५ ते ६० अंशांच्या ज्या पट्ट्यात जीवाणू वाढतात, त्यात मांस त्यामुळे तासन् तास रेंगाळतं. स्टॅफिलोकॉकस जीवाणूने एकदा विष तयार केलं की ते नंतर उकळूनही जात नाही. राजमा मांसासोबत घालणाऱ्यांनी तर जास्तच सावध असावं. या यंत्राचा अमेरिकी जनक अर्व्हिंग नॅक्सन याला १९४० साली पेटंट मिळालं आणि आधी ते बीन्स शिजवायचं भांडं म्हणूनच विकलं जाई, पण कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन ८० अंशांच्या आसपास नष्ट होत नाही, उलट त्याचा विषारीपणा वाढू शकतो. पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात ३० मिनिटं खळखळून उकळावा आणि मगच कुकरमध्ये घालावा.

उरलेलं मांस भांड्यातच गार होऊ देऊ नये. जाड चिनीमाती उष्णता धरून ठेवते आणि शिजूनही टिकलेले क्लॉस्ट्रिडियम जीवाणूचे बीजाणू त्या कोमट रसात उगवतात. उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावं. दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर वर चरबीचा पांढरा थर आणि खाली थरथरणारी जेली दिसली, तर कोलॅजेन पुरेसं विरघळलं होतं असं समजावं. जेली न धरता नुसतं पाणी असेल तर पाणी जास्त पडलं होतं, वेळ कमी मिळाला होता किंवा भागच चुकीचा निवडला होता. ती जेली ३५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे जिभेवर ठेवताच. गरम करायचं ते गॅसवर, वाफा येईपर्यंत, कुकरमध्ये नाही. थंड अन्न तापवायला तोच कुकर पुन्हा तीन-चार तास घेईल.