आयवाझोव्हस्कीच्या लाटांमागे दिवा नव्हता

रशियन समुद्रचित्रकार इवान आयवाझोव्हस्की (१८१७–१९००) कॅनव्हासमागे दिवा ठेवायचा, म्हणून त्याच्या लाटा आतून उजळतात, ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. ती खरी नाही. मागे दिवा धरला तर फार तर कापडाची वीण आणि लाकडी चौकटीची सावली दिसेल, लाट नव्हे.

उजेड समोरूनच येतो. लाटेचा माथा जिथे पातळ होतो तिथे आयवाझोव्हस्की पारदर्शक तेलरंगाचे विरळ थर एकावर एक चढवायचा. खोलीतला प्रकाश त्या थरांतून आत जातो, खालच्या फिकट रंगावर आपटून परततो आणि पाणी काचेसारखं हिरवं चमकतं. १८५० मधली ‘नववी लाट’ बघा. सव्वातीन मीटरहून रुंद चित्र, पण खरी जादू सूर्यासमोरच्या त्या एका लाटेच्या कडेत आहे. शेजारचं पाणी त्यानं मुद्दाम गडद ठेवलं आहे.

असाच संशय १८८० मध्ये चित्रकार अर्खिप कुइंजीच्या ‘नीपरवरची चांदणी रात्र’ (नीपर ही नदी) या चित्रावरही घेतला गेला. लोक चित्रामागे डोकावून पाहत. तिथे दिवा होता, पण समोर, अंधाऱ्या दालनात चित्रावर रोखलेला.

आयवाझोव्हस्की लाटेसमोर बसून रंगवायचा, हेही चूक. हलतं पाणी कुंचल्याला सापडत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. किनाऱ्यावर पेन्सिलीनं टिपणं काढायची आणि क्रिमियातल्या फिओदोसिया या गावच्या स्टुडिओत आठवणीतून रंगवायचं, ही त्याची रीत. मला दिव्याच्या कथेपेक्षा ही स्मरणशक्तीच कितीतरी थक्क करणारी वाटते.