एबीसीएल बुडाली, त्यानंतरचा बच्चन

‘केबीसीनं अमिताभला तारलं’ हे आपण इतक्यांदा ऐकलंय, की आधी बुडालं काय होतं तेच विसरायला होतं. बुडाली होती अमिताभ बच्चन कॉर्पोरेशन लिमिटेड, म्हणजेच एबीसीएल.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बच्चन पडद्यापासून काही काळ दूर होते. घराघरांत केबल येत होती आणि करमणुकीच्या धंद्यात पैसा येणार याचा वास सगळ्यांनाच लागला होता. दशकाच्या मध्यावर उभ्या राहिलेल्या एबीसीएलला यातलं सगळंच हवं होतं. सिनेमे काढायचे, वितरण करायचं, गाणी विकायची, मालिका करायच्या, सोहळे भरवायचे. तेव्हा हिंदी सिनेमा फायनान्सरच्या व्याजावर आणि तोंडी शब्दावर चालायचा. सरकारनं त्याला उद्योगाचा दर्जा जाहीर केला तो १९९८ मध्ये. त्या बाजारात पगारी व्यवस्थापक आणि करारमदार घेऊन उतरण्याची कल्पना चुकीची नव्हती, असं मला ठामपणे वाटतं. आजचे मोठे स्टुडिओ नेमकं तेच करतात. पण एबीसीएलनं एकाच वेळी फार पसारा मांडला आणि खर्चाला लगाम राहिला नाही.

नोव्हेंबर १९९६ मध्ये बंगळुरूत झालेली मिस वर्ल्ड स्पर्धा कंपनीच्या मुळावर आली. विरोधात निदर्शनं झाली, पोहण्याच्या पोशाखातली फेरी थेट सेशेल्सला न्यावी लागली आणि कंपनीच्या पदरी तोटाच पडला. पुढच्याच वर्षी ज्या ‘मृत्युदाता’मधून बच्चन परतले, तोही आपटला. १९९९ पर्यंत कंपनी आजारी उद्योगांच्या मंडळासमोर होती. नव्वद कोटींचं देणं, पंचावन्न खटले आणि दारात उभे राहणारे देणेकरी, असं त्या दिवसांचं वर्णन त्यांनी स्वतःच नंतर केलंय. एका सकाळी ते यश चोप्रांच्या घरी चालत गेले आणि काम मागितलं. मिळालं ते ‘मोहब्बतें’.

३ जुलै २००० रोजी रात्री नऊ वाजता स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं. मूळ खेळ ब्रिटनचा, तिथं १९९८ पासून गाजत असलेला. सिनेमाच्या नटानं छोट्या पडद्यावर येणं तेव्हा पायरी उतरणं समजलं जाई, त्यामुळे सत्तावन्न वर्षांच्या बच्चन यांच्यासाठी हा निर्णय सोपा नव्हता. तो मानधनामुळे घेतला गेला असेलही. पण कार्यक्रम चालला तो वेगळ्याच कारणानं. ज्या माणसाला आपण पंचवीस वर्षं समोरच्याला सुनावताना पाहिलं, तो इथं समोरच्याचं ऐकत बसला होता. अनोळखी माणसाला खुर्ची देत होता, ‘आप’ म्हणत होता, त्याच्या आईवडिलांची चौकशी करत होता.

त्याच ऑक्टोबरात मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. शेवटचा प्रश्न होता, संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कोणाला देते? उत्तर, महान्यायवादी. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला पडावा असाच प्रश्न. त्यानंतर कितीतरी मराठी घरांत सामान्य ज्ञानाची पुस्तकं नव्यानं उघडली गेली.

२००७ चं पर्व शाहरुख खाननं केलं, २०१० पासून कार्यक्रम सोनीवर आला. कंपनीही संपली नाही. देणी फेडून ती एबी कॉर्प या नावानं उभी राहिली आणि तिनंच उमेश कुलकर्णींचा ‘विहीर’ हा मराठी सिनेमा निर्माण केला. एबीसीएलच्या अपयशाबद्दल भरभरून लिहिणारे हे क्वचितच सांगतात.

२०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे त्या खुर्चीवर बसल्या. शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या, महिन्याला दीड हजार रुपयांवर. एक कोटी जिंकल्या. काय हवं असं विचारल्यावर त्यांनी मागितला होता एक मोबाइल, कारण घरात सगळ्यांत मिळून एकच होता.