माणदेशी महिला बँकेमागची सव्वाशे वर्षं

म्हसवड हे साताऱ्याच्या माण तालुक्यातलं गाव. पर्जन्यछायेतला, टँकरची वाट बघणारा मुलूख. तिथे रस्त्याकडेला पाल ठोकून राहणाऱ्या एका लोहारणीला रोजच्या कमाईतले थोडे पैसे बाजूला टाकायचे होते. पावसाळ्याआधी पालावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा, एवढ्यासाठी. बँकांनी तिचं खातं उघडलं नाही, रक्कम फार लहान म्हणून. तिने कर्ज मागितलं नव्हतं. स्वतःचेच पैसे ठेवायला जागा मागितली होती. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणाला तेव्हा पाव शतक उलटून गेलं होतं.

पैशाच्या व्यवहारात गरिबाला जागा नाही, ही तक्रार मात्र त्याहून जुनी आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता. स्वतःला वाचता न येणारी गहाणखतं आणि कर्जरोखे हिसकावून त्यांनी जाळले. चार वर्षांनी सरकारने कायदा केला, पण सावकाराला पर्याय उभा राहू लागला तो सहकारातून. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि दोनच वर्षांत मुंबईत शामराव विठ्ठल, पुण्यात कॉसमॉस या आजच्या सहकारी बँका सुरू झाल्या. या संस्था चालल्या त्या ओळखीवर. कर्जदार कोण, कुठला, शब्दाचा कसा, हे सभासदांना ठाऊक असे. पण ती ओळख ज्ञातीची, पेठेची, नोकरीची. म्हसवडच्या लोहारणीला त्यात जागा नव्हती.

सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला-सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन रिझर्व्ह बँकेकडे बायकांच्या बँकेसाठी परवाना मागितला, तो नाकारला गेला. प्रवर्तक बायकांपैकी कितीतरी जणींनी सहीऐवजी अंगठा उमटवला होता. बायका साक्षरता वर्गाला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा गेल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो, असं त्यांनी अधिकाऱ्यांना ऐकवलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. बँकेत यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, म्हणून बँकच बायकांच्या दारात आणि बाजारात जाऊ लागली.

आज देशात नागरी सहकारी बँका दीड हजाराच्या आसपास आहेत, त्यातल्या सर्वाधिक महाराष्ट्रात. बँकिंगच्या एकूण उलाढालीत त्यांचा वाटा किरकोळ, पण बुडाल्या की घरं हादरतात. २००१ मध्ये गुजरातेतली माधवपुरा आणि २०१९ मध्ये मुंबईतली पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक), दोन्हीकडे प्रचंड रक्कम मोजक्या बड्या कर्जदारांकडे गेली होती. पीएमसीच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त १००० रुपये काढता येत होते. त्यानंतर ठेवविम्याची, म्हणजे बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणाऱ्या भरपाईची, मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली, २०२० मध्ये कायदा बदलून या बँकांवरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. हे आधीच व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. ओळखीचा आधार सुटला की लहान बँकेपाशी दुसरं काही उरत नाही.

पुढे माणदेशीत यंत्राने व्यवहार करायची वेळ आली, तेव्हा बँकेने पिन क्रमांक सुचवला. बायकांनी तो नको म्हटला. आकडा कुणीही बघून पैसे काढील, त्यापेक्षा अंगठा घ्या, तो चोरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.